पिंपाशेजारी पिंप

इटलीची एक बाई लातुरात नऊ आठवडे राहिली आणि तिच्या हाताखाली मी सिनेमा कापायला आणि जोडायला शिकलो, असं सांगितलं की लोक आधी माझ्या पायातल्या टायरच्या चपलांकडे बघतात. मग म्हणतात, "पंढरीनाना, चहा घ्या." म्हणजे विषय बदला.

पण ती बाई होती. तिचं नाव नेल्ला फाब्री. आम्ही तिला नेलाबाई म्हणायचो. वय पन्नाशीचं, केस आखूड, उजव्या हाताच्या दोन बोटांवर ब्लेडचे जुने व्रण. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दुष्काळाचा सिनेमा काढायला इटलीहून चार माणसं आली, त्यातली ती एक. बाकीचे तिघं कॅमेरा घेऊन उन्हात फिरायचे. ही सावलीत बसायची. गावातल्या बायकांना वाटलं ही त्यांची स्वयंपाकीण असेल.

आमचं गाव चाकूरजवळचं. त्या वर्षी गावाबाहेर पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि चार गावची माणसं तिथं माती उपसत होती. माझी बायको सुमनबाई पण टोपलं उचलायला जायची. मी फिरत्या टॉकीजचा ऑपरेटर. जत्रेत, बाजारात तंबू ठोकायचा आणि सिनेमा दाखवायचा हे माझं काम. पाऊस गेला तशा जत्रा गेल्या. मालकाने तंबू गुंडाळला आणि मशीन लातूरच्या एका गोदामात आणून ठेवलं. त्याला राखण म्हणून मी.

या परदेशी लोकांनी काढलेली फिल्म मुंबईला धुवायला जायची आणि रेल्वेने डब्यांतून परत यायची. ती बघायला मशीन पाहिजे, म्हणून ते गोदामात आले. सोबत बोलणं समजावून सांगायला नांदेडच्या कॉलेजातली एक मुलगी होती, सौदामिनी. नेलाबाईने मला फिल्मचे दोन तुकडे दिले आणि खुणेनं सांगितलं, जोड. मी ब्लेडने कड खरवडली, चिकट लावलं, दाबून धरलं, मनात दहा मोजले. तिने दोन्ही बाजूंनी ओढून बघितलं. सुटलं नाही.

"विचारतात, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" सौदामिनीताई म्हणाली.

"मारानं," मी म्हणालो. "तुटली की मालक हाणायचा."

ते ऐकून नेलाबाई मोठ्याने हसली आणि भराभरा काहीतरी बोलली.

"म्हणतात, माझी पण हीच शाळा."

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्या हाताखाली लागलो.

काम करता करता ती बोलायची. सौदामिनीताई जवळ असली तर मला कळायचं, नसली तरी ती बोलायचीच. तिचा बाप शिंपी होता, नदीकाठच्या लहान गावात. चौदाव्या वर्षी तिला रोमला मावशीकडे पाठवलं. तिथं फिल्म धुण्याच्या कारखान्यात ओल्या फिल्मच्या पट्ट्या दोरीवर वाळत घालायच्या, हे तिचं पहिलं काम. लढाई आली, कारखाना बंद पडला. तेव्हा मालकाने सिनेमांचे डबे एका गोठ्यात गवताखाली लपवले आणि राखायला हिला ठेवलं. सहा महिने ती गायींची धार काढत होती. लढाई संपल्यावर एका मोठ्या सिनेमा कापणाऱ्याकडे लागली. सहा वर्षं नुसती झाडलोट आणि जोडकाम. तो दारू प्यायचा. एकदा पिऊन पडला, आणि अर्धा सिनेमा हिने कापून पुरा केला. पडद्यावर नाव त्याचंच आलं.

"मग तुम्ही भांडला न्हाई?" मी विचारलं.

"म्हणतात, भांडले असते तर दुसरा सिनेमा मिळाला नसता."

दुसरा मिळाला, तिसरा मिळाला, असे तीस-बत्तीस झाले. कोणता नट कोणत्या दाढेनं खातो तेसुद्धा तिला ठाऊक होतं, पण रस्त्यात भेटला तर नट तिला ओळखत नसे. आणि ज्या गावांचे सिनेमे तिने कापले त्यातलं एकही तिने बघितलं नव्हतं. सगळा जन्म अंधाऱ्या खोलीत. म्हणून या वेळी ती हट्टाने आली होती. चित्रातली माणसं एकदा डोळ्यांनी बघायची होती तिला.

तिने मला एक गोष्ट दाखवली ती मी विसरलो नाही. एका बैलाचं तोंड होतं, नुसता बघत उभा. तिने त्याच्यापुढे कोरड्या हौदाचा तुकडा लावला. बैल तहानलेला दिसला. मग हौद काढून कडब्याच्या गंजीचा तुकडा लावला. तोच बैल हावरा दिसला.

"बैलानं काय केलं?" तिने विचारलं.

"काय बी न्हाई," मी म्हणालो.

"हेच माझं काम आहे म्हणतात," सौदामिनीताई म्हणाली. "आणि हेच भीतीचं पण आहे."

तुकडे टांगायला आम्ही गोदामात आडवी दोरी बांधली होती. प्रत्येक तुकड्याला कपड्याचा चिमटा आणि चिमट्यात नेलाबाईच्या हातची चिठ्ठी. चिठ्ठीवर आकडे, अक्षरं. मला ना तिची अक्षरं येत, ना आपली. मी चित्र उजेडासमोर धरून ओळखायचो.

मे महिन्यात एका दुपारी ती जेवायला गेली असताना मी उकाड्याने खिडकी उघडली. वावटळ आली आणि थेट आत शिरली. दोरी हलली, चिमटे सुटले, पाच-पन्नास तुकडे खाली. चिठ्ठ्या तर कुठल्या कुठे उडाल्या. मी घाबरलो. हातचं काम जाईल असं वाटलं. भराभरा सगळे तुकडे फडक्याने पुसले आणि माझ्या अकलेने परत टांगले. चेहऱ्याशेजारी चेहरा, कुदळीशेजारी कुदळ, पिंपाशेजारी पिंप. सापडल्या तेवढ्या चिठ्ठ्या दिसेल तिथं खोचल्या. ती आली, तिने दोरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कामाला बसली. ती काही बोलली नाही, मीही बोललो नाही.

जूनमध्ये ती मंडळी गेली. पुढे नऊ वर्षं त्यांचा काही पत्ता नाही.

ब्याऐंशीच्या पंधरा ऑगस्टला लातूर वेगळा जिल्हा झाला. उस्मानाबादेहून ट्रक भरभरून दप्तरं येऊ लागली. त्या ढिगात एक पत्र्याचा गोल डबा निघाला, वर परदेशी अक्षरं. कुणाला कळेना हे काय. सौदामिनीताई तोवर लातुरातच कॉलेजात शिकवायला लागली होती. डबा फिरत फिरत तिच्याकडे गेला आणि तिने ओळखला. इटलीवाल्यांनी सिनेमा पुरा करून एक प्रत कधीतरी कलेक्टर साहेबांना भेट पाठवली होती. ती तशीच बंद पडून होती.

"पंढरीनाना, हा तुमच्या गावाचा आहे," ती म्हणाली. "गावात दाखवू."

डिसेंबरात आमच्या वस्तीच्या समाजमंदिरासमोर मी मशीन लावलं. सगळी वस्ती आली, गावातलेही बरेच आले. आधी नुसता हशा.

"ए, तो बघ अमृतराव मुकादम! कशी शिट्टी फुंकून राहिला!"

"सुमनबाई, तू लई बारीक व्हतीस की गं."

"दुष्काळातली मिलो ज्वारी खाऊन कोण जाडं व्हतंय, माय?"

मग ते आलं.

कामावर पाण्याची दोन पिंपं असायची. एक गावाचं, एक आमच्या वस्तीचं. हे तेव्हा कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. आमच्या पिंपावर ज्ञानोबानाना असायचा. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, माझा शेजारी, मला भावाच्या जागी. पडद्यावर नानाने पिंपाला झाकण लावलं, वर बसला आणि हाताची घडी घातली. लगेच पुढे आमच्याच वस्तीतली पंचफुला दिसली. आठवा महिना, तोंड घामाने निथळल्यासारखं, हातात रिकामा तांब्या, बघत उभी. आणि त्याच्यापुढे तीच पंचफुला बाभळीखाली आडवी पडलेली, बायका पदराने वारा घालताहेत.

ती त्या दिवशी चक्कर येऊन पडली होती हे सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या दिवशी पोटातलं बाळ गेलं हेही माहीत होतं. उन्हाने गेलं असंच सगळे धरून चालले होते.

कुणी हसेना. 

पंचफुला उठून उभी राहिली. "नाना, तुम्ही झाकण लावलं? मी म्होरं उभी असताना?"

"पंचफुले, मी... कामून लावीन गं?"

"लावलं की. समद्यांनी बघितलं."

ती घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. नानाची इंदू आणि पंचफुलाचा मोठा मुलगा उद्धव, यांची सोयरीक दिवाळीत जमली होती. उद्धव अहमदपूरच्या एसटी डेपोत कामाला होता, पोरगी त्याला आवडली होती, वैशाखात लग्न करायचं ठरलं होतं. निरोप असा की, ज्या घरानं माझ्या लेकराला पाणी दिलं नाही त्या घरची पोरगी नको.

मी नानाकडे गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता.

"पंढरी," तो म्हणाला, "दीड-दोनशे माणसं प्यायची रे त्या पिंपावर. मला एकेकाचं काय आठवणार? दुपारच्या पाळीला पुरावं म्हणून मी झाकण लावून बसायचो, हे खरं हाय. मायबहिणी शिव्या द्यायच्या, मी ऐकून घ्यायचो. दिलं नसंल का रे मी तिला?"

"नाना, ते तसं घडलंच न्हाई. मी तुकडे चुकीचे टांगले." मी त्याला वावटळीचं सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. "पण तू तवा तिथं व्हतास का?"

"न्हाई."

"मंग?"

पंचफुलाकडेही गेलो. ती ज्वारी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

"तुम्ही दोस्तासाठी बोलून राहिले," ती म्हणाली. "मला सोताला काय बी आठवत न्हाई. सकाळी टोपलं उचललं तेवढं आठवतंय, मंग एकदम दवाखाना. आता नऊ वर्सांनी दिसलं, तर ते बी खोटं म्हणता?"

"अगं, ते कापून जोडलेलं असतंय. आधीचं मागं, मागचं आधी..."

"पिंप नानाचंच हाय ना? तांब्या माझाच हाय ना? मंग कापलं काय आन् जोडलं काय!"

तिला काय सांगणार? बैलाची गोष्ट मला नेलाबाईने दाखवली होती, तिला कुणी दाखवली होती?

मला तर रात्रीची झोप गेली. एक खिडकी उघडली आणि गप्प राहिलो, त्यापायी एक म्हातारा स्वतःवरच संशय घेऊन बसला आणि एका पोरीचं लग्न मोडलं. शेवटी सौदामिनीताईकडे गेलो आणि म्हणालो, त्या बाईला पत्र लिहायचं आहे. पन्नाशी उलटल्यावर प्रौढ वर्गात मी अक्षरं गिरवली होती, तोवर नुसता अंगठा. तरी ताईला म्हणालो, लिहितो मीच, तुम्ही फक्त त्यांना कळेल अशा भाषेत करा. एक अख्खा दिवस लागला. खिडकी, वावटळ, चिठ्ठ्या, पिंप, नाना, इंदू, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, चूक माझी आहे, पण ती चूक आहे एवढं तुम्ही सांगा. तुमचं इथं लोक ऐकतील. ताईने ते इंग्रजीत केलं आणि डब्यावर रोमचा जो पत्ता होता त्यावर पाठवलं.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. नाना वस्तीत निघेनासा झाला. इंदू हापशावर भल्या पहाटे जायची, कुणी भेटू नये म्हणून. उद्धव दोनदा माझ्याकडे येऊन गेला. "पंढरीनाना, आलं का काही?" "न्हाई रे." एवढंच आमचं बोलणं.

एप्रिलमध्ये ताईचा निरोप आला. गेलो तर टेबलावर लिफाफा आणि तळहाताएवढा चपटा डबा. ताईने पत्र मोठ्याने वाचलं, एकेक ओळ मराठीत करत.

नेलाबाईने लिहिलं होतं, तुमचं पत्र चार पत्ते फिरून मला मिळालं. मी आता रोममध्ये नाही, माझ्या गावी बहिणीजवळ राहते. तीन वर्षांपूर्वी डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा काम सोडलं. शेवटचा सिनेमा मी अर्धा कापला आणि उरलेला एका तरुण पोरीने. पडद्यावर नाव तिचंच घालायला लावलं. 

पंढरी, वावटळ आली हे मला त्याच दिवशी कळलं होतं. चिठ्ठ्या उलट्या खोचलेल्या होत्या. तुम्ही घाबरला होता म्हणून बोलले नाही. पण तुकडे मी चिठ्ठीने ओळखत नाही. झाकण लावणाऱ्या माणसाची सावली लांब होती, म्हणजे ती संध्याकाळ, काम संपल्यावरची. तांब्यावाल्या बाईची सावली आखूड होती. हे मला लातुरातच दिसलं. मग रोममध्ये तो सिनेमा चार महिने माझ्या हातात होता. मी ते बदलू शकत होते. बदललं नाही, कारण तसं लावल्यावर बघणाऱ्याच्या काळजाला लागत होतं, आणि सगळे म्हणाले, हेच राहू दे. मला वाटलं, इतक्या दूरच्या देशातली ती माणसं हे कधी बघणार? तीस वर्षं मी नटांचे चेहरे कापले. त्यांना ठाऊक असतं हे खोटं आहे. तुमच्या नानाला ठाऊक नव्हतं. चूक तुमच्या खिडकीची नाही, माझ्या कात्रीची आहे. मी पुऱ्या समजुतीने केली.

पुढे होतं की, कापून टाकलेले तुकडे मी फेकत नाही, माझी बहीण त्यावरून रोज भांडते. तिच्या मुलीला घेऊन दोन आठवडे डबे शोधले. त्या वेळचा जो तुकडा मी कापून बाजूला ठेवला होता तो पाठवते आहे. माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही. भाचीने बघून सांगितलं आहे. तुम्ही बघा.

मी डबा उघडला, फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि एकेक चौकट सरकवत गेलो. 

"काय आहे, पंढरीनाना?" ताईने विचारलं.

"पाणी हाय," मी म्हणालो आणि तिच्या घरात खालीच बसलो. तिने मलाच पाणी आणून दिलं.

गावात परतलो ते थेट ज्ञानोबानानाकडे. त्याला सांगितलं.

"उजेडात धरून तू बघितलंस," तो म्हणाला. "ती बघंल तवा खरं."

पंचफुला आढेवेढे घेत होती. उद्धव म्हणाला, "आई, तू न्हाई आलीस तर मी एकटा जाऊन बघीन, आन् मंग माझं मी ठरवीन." तेव्हा निघाली. मी रात्रीची वाट बघितली नाही. भर दुपारी शाळेच्या खोलीत खिडक्यांना पोती लावली, भिंतीवर धोतर ताणलं. आधी सिनेमातला जुना तुकडा दाखवला, नानाचं झाकण. नाना दाराशी पाठ करून उभा होता.

"पंचफुले, पायाकडं बघ," मी म्हणालो. "सावली बघ."

तिला सांगावं लागलं नाही. जिने जन्मभर सावली बघून सुट्टी केली तिला काय सांगायचं. "ही तर दिवस मावळतीची," ती हळू म्हणाली.

मग नवा तुकडा लावला.

सावली पायाखाली. पंचफुला पिंपापुढे ओंजळ धरून वाकली आहे, नाना पाणी ओततो आहे. ती पिते. पुन्हा ओंजळ. पुन्हा. नाना हाताने काहीतरी म्हणतो, बहुतेक सावकाश पी. मग ती तांब्या पुढे करते, तो भरून देतो. ती तांब्या घेऊन जरा लांब होते आणि सगळंच्या सगळं पाणी आपल्या डोक्यावर ओतते. नाना कपाळावर हात मारतो. ती हसते. पाठीमागं रांगेतल्या बायका हसतात. ती ओल्या तोंडाने, रिकामा तांब्या हातात धरून बघत उभी राहते, आणि हसणं विरतं. तिथून पुढचं सिनेमात आहे.

फिल्म संपून धोतरावर नुसता पांढरा उजेड राहिला.

"परत लावा," पंचफुला म्हणाली.

परत लावलं. चौथ्या वेळेला तिने पदर तोंडाला लावला.

"हसून राहिले व्हते मी," ती म्हणाली. "पोटभर प्याले व्हते. माझं लेकरू तान्हेलं गेलं न्हाई."

नाना दाराशी पाठमोराच होता. त्याने काही बघितलं नव्हतं. त्याला इंदूने हाताला धरून आत आणलं आणि पाचव्या वेळी त्याने बघितलं. बघता बघता तो जमिनीवर उकिडवा बसला.

"अगं ए," तो ओरडला, "डोक्यावर ओतलंस व्हय? चार माणसांचं पाणी! दुपारी कमी पडलं ते तुझ्यापायी, आन् नाव ज्ञानोबाचं!"

खोलीत असा हशा झाला की मला मशीन बंद करावं लागलं. पंचफुला रडत होती आणि हसत होती. ती उठली, नानाच्या पायाला हात लावायला वाकली. त्याने पाय मागं घेतले.

"पाया नको पडू," तो म्हणाला. "लग्नाची तारीख सांग. वैशाखाचे दिवस किती उरलेत?"

"दिवस हायेत," उद्धव पटकन म्हणाला, आणि इंदू पोत्याच्या मागं जाऊन उभी राहिली.

त्याच दिवशी शाळेच्या ओसरीवर बसून मी नेलाबाईला उत्तर लिहायला घेतलं. पंचफुला आणि नाना माझ्या खांद्यावरून वाकून सांगत होते, जरी दोघांनाही वाचता येत नव्हतं.

"लिहा की तुकडा पोचला," पंचफुला म्हणाली. "आन् लिहा, डोळ्याचं आपरेशन कर म्हणावं. लातुरात बी व्हतंय, तिकडं तर व्हतंच आसंल. आन् लग्नाला ये."

"ती कुठं येते एवढ्या लांब?"

"बोलवायला काय जातंय? लिहा."

मी लिहिलं. मग नानाकडे बघितलं.

"लिही," नाना म्हणाला, "ज्ञानोबाला तुझा राग न्हाई." मी तेवढं लिहिलं. त्याने माझा हात धरला. "थांब. ते खोड. खोटं कशाला? लिही, राग व्हता. लई व्हता. आज दुपारी गेला."

मी आधीची ओळ खोडली आणि तसं लिहिलं.